आधी ते नऊ अल्बम

पत्र थोडक्यात असं: धायरीत आईवडिलांसोबत राहणारी एकोणतीस वर्षांची मुलगी लिहिते आहे. बी. कॉम. झाल्यावर तीन वर्षं एका अनुभवी फोटोग्राफरदादांच्या हाताखाली काम केलं, गेली चार वर्षं स्वतःच्या ऑर्डरी घेते. मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं, अधूनमधून कंपन्यांचे कार्यक्रम. गेल्या वर्षी ३८ ऑर्डरी झाल्या, सरासरी १५,००० रुपयांच्या. तरी वर्षअखेर हातात अडीच लाखही राहिले नाहीत. आता लग्नांचं नियोजन करणाऱ्या एका कंपनीने विचारलंय: पुढच्या सीझनला २५ तारखा, दिवसाला ९,००० रुपये, फक्त शूट करायचं, मेमरी कार्डं तिथेच रिकामी करून द्यायची, नाव कंपनीचं, पैसे ६० दिवसांनी. ती विचारते, “एवढ्या कमी दरात गेले तर माझी किंमत कायमची पडेल. नाही म्हटलं तर धंदा वाढणार कसा? अडीच लाखांचा नवा कॅमेरा हप्त्यांवर घ्यावा, कोथरूडला छोटा स्टुडिओ बघावा, असंही मनात आहे. बाबा म्हणतात, नोकरी धर. दादा म्हणतात, मोठी झालीस की आम्हाला विसरशील. जाता जाता सांगते, नऊ अल्बम द्यायचे राहिलेत, त्याने रात्री झोप लागत नाही.”

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणते.

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ‘जाता जाता’ म्हणून शेवटी टाकलंयस. त्याच्याकडे येणारच आहे. पण आधी जरा हिशेब करू, कारण ३८ ऑर्डरी हा आकडा वाचून मी चमकले. ज्या मुलीकडे वर्षाला ३८ ऑर्डरी आहेत, तिच्याकडे काम कमी आहे असं कोण म्हणेल? तू मात्र पत्रभर ‘वाढ’ म्हणजे ‘आणखी काम’ असंच धरून चालली आहेस.

एक मुंज घे. पहाटे पाचला धायरीहून निघायचं, दुपारी पंगत उठेपर्यंत थांबायचं, शूट आणि प्रवास मिळून बारा-तेरा तास. मग दीड-दोन हजार फोटोंतून निवड, कलर करेक्शन, म्हणजे वीसेक तास. अल्बमची पानं लावायला सहा-सात तास. आणि बटूच्या आत्याचे फोन, तेही धरायचे. एकूण चाळीस तास झाले. १५,००० मधून असिस्टंटचे २,५००, पेट्रोल आणि पार्किंगचे ५००, लॅबचं अल्बमचं बिल ५,५००. कॅमेरा-लेन्सची झीज ऑर्डरीमागे १,५०० धर, कारण ती आज खिशातून जात नसली तरी एक दिवस एकदम जाणार आहे. उरले ५,०००. चाळीस तासांना ५,००० म्हणजे तासाला १२५ रुपये.

आता ती ‘कमी दराची’ ऑफर बघ. ९,००० रुपये, असिस्टंट नाही, अल्बम नाही, एडिटिंग नाही, आत्याचे फोन नाहीत. पेट्रोल आणि झीज मिळून २,००० गेले तरी ७,००० राहतात. बारा तास धरले तर तासाला ५८० च्या वर. ज्या कामाने तुझी किंमत पडेल अशी तुला भीती वाटते, ते तुझ्या स्वतःच्या कामापेक्षा चौपटीहून जास्त देतंय. किंमत पडलीच असेल तर ती घरच्या हिशेबात, आणि तीही आधीच.

म्हणून लगेच पंचवीसच्या पंचवीस तारखांना हो म्हण, असं नाही. तुझ्याकडे विकायला नुसते फोटो नाहीत, तारखाही आहेत आणि त्या मोजक्याच आहेत. बहुतेक घरं चातुर्मासात लग्न काढत नाहीत, पौषातही टाळतात. मुंजी उत्तरायणातच, म्हणजे माघापासून ज्येष्ठापर्यंत. त्यात अधिक महिना आला की संपलंच. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सुट्टीतले, एरवी कार्यालयं मिळत नाहीत असे दिवस मुहूर्ताविना. पंचांगात अडचणीच्या वेळचे मुहूर्त असतात खरे, पण त्यावर सीझन उभा राहत नाही. तेव्हा दरवर्षी नवं पंचांग हातात आलं की पहिला अर्धा तास त्याच्यासोबत बस. दाट तिथीच्या तारखांना लाल खूण, विरळ तारखांना हिरवी. त्या कंपनीला हिरव्यातल्या आठ-दहा तारखा दे, लाल एकही देऊ नकोस. ते म्हणतील, आम्हाला लालच हव्यात. मग लाल तारखेचा दर १४,००० सांग आणि शांत बस. एवढी वर्षं मी लोकांच्या धंद्याच्या तक्रारी वाचते आहे. दर सांगून झाल्यावर पुढचं वाक्य आपणच बोलायची सवय पुष्कळांना बुडवते.

मला ९,००० चा आकडा फारसा खटकला नाही. ६० दिवस मात्र खटकले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली आहेस का? ऑनलाइन होते, फुकट होते, कोणा एजंटला पैसे द्यायचे नाहीत. ती असली की २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा तुझ्या बाजूने येतो: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तू व्याजासाठी भांडत बसशील असं नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरच्याचा अकाउंटंट जरा लवकर जागा होतो, कारण मुदतीत न दिलेल्या पैशांची खर्च म्हणून मिळणारी वजावट आयकरात त्या वर्षी अडकते.

दुसरी अट, फोटोंची. हे कितीतरी फोटोग्राफरांना ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. बटण तू दाबलंस, तरीही. म्हणजे करारात एक ओळ नसेल तर त्या लग्नांचे फोटो तू तुझं काम म्हणून कुठे दाखवूही शकणार नाहीस, आणि सीझनभर राबून तुझ्या हाती दाखवण्यासारखं काही राहणार नाही. ‘प्रत्येक लग्नाचे माझ्या पसंतीचे वीस फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरू शकेन’ एवढं लिहून घे, आणि त्या घरच्यांची संमती कंपनीने मिळवायची हेही. तुझ्या स्वतःच्या ऑर्डरींनाही हेच लागू आहे. मुंजीतल्या उघड्या अंगाच्या, मुंडन केलेल्या बटूचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्याच्या आईला विचारतेस ना? नसशील विचारत तर विचारत जा.

कॅमेऱ्याचं सांगते. अडीच लाख, २४ महिने, १४ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १२,००० चा. चातुर्मासात तो हप्ता कुठून भरणार आहेस? कॅमेरा चांगला असला की काम मिळतं हे फोटोग्राफरांना वाटतं, मुलीच्या बापाला नाही. तो विचारतो, फोटो कधी मिळतील? तुझ्या सध्याच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसत असेल तर मात्र बदलायलाच हवा. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारी, वापरलेली पण शटर काउंट (आजवर किती फोटो काढले गेलेत तो आकडा) तपासून घेतलेली, लेन्सशिवायची नुसती बॉडी बघ, निम्म्या पैशांत काम होईल. अंतरपाट एकदाच दूर होतो. कार्ड बिघडलं म्हणून तो पुन्हा धरता येत नाही. लांब पल्ल्याची महागडी लेन्स मात्र विकत घेऊ नकोस, हवी त्या दिवशी भाड्याने आण आणि भाडं ऑर्डरीत धर.

स्टुडिओ नको. कोथरूडच्या भाड्याचा गाळा हा फोटो काढून घ्यायला लोक चालत येत होते त्या काळाचा विचार आहे.

कोणी ड्रोन मागितला तर स्वतः उडवायच्या फंदात पडू नकोस. लोहगावला हवाईतळ, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, आणि तुमची लॉन्स नेमकी त्यांच्याच दिशांना. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी साइटवरचा नकाशा बघून, परवाना असलेल्या माणसाकडून करून घे, नाहीतर सरळ नाही म्हण.

आता अल्बम.

माझ्या भाच्याच्या मुलाच्या मुंजीचा अल्बम चौदा महिन्यांनी आला. तोवर बटूचे केस कपाळावर आले होते, आणि त्याला मांडीवर घेऊन मातृभोजनाला बसलेली पणजी राहिली नव्हती. फोटो सुंदर होते. त्या फोटोग्राफरचं नाव मात्र आमच्या घरात आजही एकाच कारणासाठी निघतं, आणि निघालं की कोणीतरी म्हणतं, “त्याला नको.” पुण्यात धंदा तोंडी चालतो तसा तो तोंडीच बुडतोही. तुझी नऊ घरं म्हणजे नऊ भिशी मंडळं, नऊ सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि त्यांतले सगळे भावी यजमान.

तू म्हणशील, उशीर माझा नाही, लोकच फोटो निवडून देत नाहीत. पटतं मला. दोन हजार फोटोंची लिंक दिली की घरात युद्ध होतं: सासरचे किती, माहेरचे किती, काकूचा डोळे मिटलेला फोटो का आलाय. मग सगळे दमतात आणि विषय दिवाळीनंतर, उन्हाळ्यानंतर असा लांबतो. हा दोष लिंकचा आहे. दोन हजार देऊच नकोस. चारशे दे, आणि त्यातल्या शंभरांवर स्वतःची खूण करून दे: ‘मी अल्बमसाठी हे घेतलेत, बदल तीस दिवसांत कळवा, नाहीतर हेच लावते.’ हे वाक्य ऑर्डर घेतानाच कागदावर असू दे. बहुतेक घरं पाच-सहा फोटो बदलतील आणि सुटल्यासारखं होऊन तुला दुवा देतील. पैशांचंही तिथेच लिही: तारीख पक्की करताना निम्मे, कार्याच्या दिवशी चाळीस टक्के, उरलेले दहा अल्बम लॅबला जाण्याआधी. आज तुझे बहुधा निम्मे पैसे अल्बमवर अडकलेले आहेत, म्हणजे तुझ्याच उशिराने तूच उपाशी.

अल्बमची पानं लावायचं काम बाहेर दे. बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, आणि उपनगरांतही, पानावर पैसे घेऊन डिझाइन करून देणारी मुलं सापडतील. तुझे सात तास वाचतात. ‘माझ्या हातची सर येणार नाही’ असं वाटेल. नाही येणार. पण आला नाही त्या अल्बमला कोणाचीच सर नसते.

एवढं मार्गी लागलं की मगच वाढीचं बोलू. इथे माझं मत जरा आग्रही आहे. तू डोळे लावून बसली आहेस मुंढव्याच्या आणि बाणेरच्या मोठ्या लग्नांकडे. लग्न एका घरात एकदा होतं, आणि तिथे तुझ्यासारखे शेकडो रांगेत आहेत. मला विचारशील तर पुण्यात फोटोग्राफरवाचून राहिलेले कार्यक्रम वेगळेच आहेत: साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. एक्क्याऐंशीच्या उंबरठ्यावरचे आजोबा, एक मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला, सगळी भावंडं दहा वर्षांनी एका छताखाली, आणि फोटो कोण काढतंय? नातू, मोबाइलवर, जेवता जेवता. या घरांना दोन दिवसांचं पॅकेज नको असतं. चार तास, नीट केलेले साठ फोटो, आठ दिवसांत वीस पानांचं छोटं पुस्तक, आणि परदेशातल्या मुलांना त्याच रात्री दहा फोटो. याचे १२,००० सांग. शूट-एडिट-प्रवास मिळून पंधरा-सोळा तास, पुस्तकाचे आणि बाकीचे तीन-चार हजार. तासाचा हिशेब आता तूच कर. आणि या कार्यांना लग्नासारखा मुहूर्ताचा जाच नसतो. मुलं भारतात कधी येतात यावर दिवस ठरतो, म्हणजे बऱ्याचदा डिसेंबरात किंवा सुट्टीत.

अशा घरी गेलीस की गर्दी जमण्याआधी आजीआजोबांचा खिडकीजवळच्या उजेडात एक साधा, निवांत फोटो काढ. दोघांचा, मग एकेकाचा. का, ते कोणाला सांगत बसू नकोस. तो फोटो त्या घराला पुढे लागणार आहे.

या मंडळींना भेटायला इन्स्टाग्राम उपयोगाचा नाही. छापलेलं पुस्तक घेऊन जा, मांडीवर ठेवून चाळू दे. बाई असण्याचाही इथे उपयोग कर. “मॅडम, फोटोग्राफर कधी येणार?” हे तू शंभरदा ऐकलं असशील, पण डोहाळजेवणाच्या खोलीत, नऊवारी नेसवण्याच्या वेळी, आजी वेणी माळून घेत असताना तू आत असतेस आणि तुमचे दादा दाराबाहेर. हे तुझ्या कोटेशनमध्ये कुठे दिसतं का? दिसू दे.

चातुर्मासासाठी दोन रस्ते सुचवते. एक कलेचा: भरतनाट्यमची अरंगेत्रम, म्हणजे शिष्येचे पहिले जाहीर कार्यक्रम, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिका, कॉलेजांच्या नाटकमंडळ्या. पैसा बेताचा, पण रंगमंचाच्या उजेडात हात बसतो आणि अरंगेत्रम करणाऱ्या मुलीच्या घरी पुढे लग्नही असतं. दुसरा कारखान्यांचा. भोसरी, चाकण, रांजणगाव इथे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, कामगार घरच्यांना घेऊन येतात; आणि चातुर्मासाबाहेरही तिथे काम असतं, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि त्यामागून आठवडाभर बक्षीस समारंभ. त्यांना अल्बम नको, संध्याकाळी सहाला पंधरा फोटो ईमेलवर हवेत. ते वेळेवर मिळाले की पुढच्या वर्षीचा फोन आपोआप येतो. कंपन्या जीएसटी क्रमांक विचारतील. तुझी उलाढाल ५ लाख ७० हजार. सेवेसाठी सक्तीची मर्यादा वर्षाला २० लाख, तेव्हा घाई नाही. क्रमांक घेतलास की मुंजीच्या बिलावरही १८ टक्के लावावे लागतील, हे लक्षात ठेवून ठरव.

दर वाढवायचाय तो नव्या ऑर्डरींपासून वाढव. १५ चे २० कर. दहांतली तीन-चार घरं ‘घरी विचारून सांगते’ म्हणतील आणि फोन करणार नाहीत. मी म्हणते, बरंच झालं. ३८ ऐवजी २६ ऑर्डरी करूनही तुझ्याकडे आजच्यापेक्षा जास्त उरेल आणि अल्बम वेळेवर जातील.

बाबांना त्यांची भीती चुकीची आहे असं सांगू नकोस, तासाला १२५ वर त्यांची भीती बरोबरच आहे. त्यांना हिशेबाची वही दाखव, एक वर्ष मागून घे. वर्षाने आकडा हलला नाही तर आठवड्याचे पाच दिवस नोकरी आणि शनिवार-रविवारी कार्यं, हाही मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दादांचं दुखणं मला निराळं वाटतं. ज्यांनी हातात कॅमेरा दिला त्यांना भीती पैशांची कमी आणि परकेपणाची जास्त असते. त्यांच्या ऑर्डरीवर दुसरा कॅमेरा म्हणून गेलीस तर तिथे स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड देऊ नकोस, कोणी नंबर मागितला तर दादांचाच दे. तुझ्या लाल तारखेला दुसरी ऑर्डर आली तर ती आधी दादांना विचार. असं दोनदा झालं की ‘विसरशील’ हा शब्द ते पुन्हा काढणार नाहीत.

हे सगळं पुढच्या सीझनचं झालं. या आठवड्यात मात्र नऊ फोन करायचेत. कारणं सांगू नकोस, माफी एकदाच माग आणि तारीख दे, पाळता येईल अशीच. महिन्याला तीन अल्बम धर, तीन महिन्यांत सुटशील. तोवर नव्या ऑर्डरीचा अल्बम स्वतः लावायला बसायचं नाही. आणि फोनची सुरुवात सोप्या घरापासून करू नकोस. जे घर सगळ्यात जास्त चिडलंय, ज्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की तू फोन पालथा घालतेस, तिथे पहिला लाव. सकाळी अकराच्या सुमारास, देवपूजा आटोपलेली असते.